चौकटीतला दात

रविवार, २० ऑक्टोबर. दिवाळी तोंडावर आली म्हणून मी माळा रिकामा करायला घेतला होता. मी शिडीवर उभी राहून एकेक वस्तू खाली देत होते, नवरा "हे ठेवायचं का?" असं विचारत होता आणि मी "टाका" म्हणत होते. आमच्या माळ्यावर निम्म्याहून जास्त सामान माझ्या मामेसासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या मामांचं आहे. त्यांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते: इतका हुशार, आणि ती हुशारी इतक्या निरुपयोगी ठिकाणी खर्च केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. जिंतूरपासून ताडकळसपर्यंत फिल्मचा कुठलाही कॅमेरा कधी कोणाच्या घरात होता, ते या माणसाला नुसत्या निगेटिव्हच्या काठावरून सांगता येतं. फोटोत कोण आहे ते मात्र सांगता येत नाही. त्यांनी तिकडे पाहिलेलंच नसतं.

आधी त्यांची विद्या सांगते, म्हणजे पुढचं समजेल. जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात, फिल्मच्या अगदी पुढे, धातूची एक चौकट असते. उजेड तिच्यातून फिल्मवर पडतो. ही चौकट नुसत्या डोळ्यांना सरळ दिसते, पण भिंगाखाली धरली तर तिच्या काठाला कुठे बारीकसा दात असतो, कुठे खाच, कुठे रंगाचा पोपडा. त्या सगळ्याची सावली त्या कॅमेऱ्यातून निघालेल्या प्रत्येक निगेटिव्हच्या काठावर पडते. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन कॅमेरे असले तरी त्यांचे काठ वेगळे. फोटो छापताना हा काठ झाकला जातो, त्यामुळे तुम्हा-आम्हाला तो कधी दिसत नाही. मामांनी मात्र उभ्या आयुष्यात तेवढंच पाहिलं. परभणीच्या बाजारात एका जिन्याखाली त्यांचं कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान होतं. येईल त्या कॅमेऱ्याचा काठ ते भिंगातून बघून एका वहीत मोठा करून काढून ठेवत. आता दुकान बंद होऊनही कितीतरी वर्षं झाली, मामी गेल्यापासून मामा आमच्या मागच्या खोलीत राहतात, पण ती वही अजून उशाशी असते. इतर म्हाताऱ्यांच्या उशाशी पोथी असते, आमच्याकडे ही.

लग्नकार्याला त्यांना बरोबर नेणं मी शक्यतो टाळते. मागे जिंतूरच्या एका लग्नात एक गृहस्थ त्यांच्या पाया पडायला वाकले. मामांनी कोऱ्या नजरेने पाहिलं. गृहस्थांनी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, लहानपणी वडिलांबरोबर दुकानात यायचो असं सांगितलं, तरी मामांच्या चेहऱ्यावरची रेष हलेना. शेवटी ते म्हणाले, "आमच्याकडं तो घडीचा, भात्याचा कॅमेरा होता बघा." मामा एकदम उजळले. "खालच्या कोपऱ्याला दोन खाचा! अहो, मग आधी सांगायचं न्हाई का! कसा हाय?" गृहस्थ म्हणाले, "वडील वारले मामा, तीन वर्षं झाली." मामा हळहळले. "अरारा, लय वाईट झालं," म्हणाले, खाली बघत राहिले, आणि मग जरा घाबरतच विचारलं, "अन् कॅमेरा?"

माझं लग्नसुद्धा याच विद्येतून पार पडलं. माझा दाखवायचा फोटो सासरी आला तेव्हा तो सगळ्यांनी हातोहात पाहिला, आणि मामांनी माझ्या वडिलांकडे निगेटिव्ह मागितली. माझे वडील चक्रावले. पोरीत काही खोट आहे अशी शंका आलीय की काय, म्हणून आमच्या घरात दोन दिवस चूल धड पेटली नाही. निगेटिव्ह पोचली, मामांनी ती खिडकीशी नेऊन पाहिली आणि निकाल दिला, "मुलीचं मला माहीत न्हाई. पण फोटोवाला सरळ माणूस हाय, चौकट स्वच्छ ठिवतो. अशा माणसाकडं जाणारे लोक वाईट नसतात." सासूबाईंना भावाचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. पुढे पंचवीस वर्षं मी या घरात आहे ती एका फोटोग्राफरने ब्रशने कॅमेरा झटकला म्हणून.

निगेटिव्ह काठाला धरायची, मध्ये बोट लावायचं नाही, ही सवय त्यांच्या हातात इतकी मुरली आहे की ते सगळंच काठाला धरतात. वर्तमानपत्र, भाकरी, लाइटचं बिल. माझ्या लेकीच्या बारशाला बाळ त्यांच्याकडे दिलं तर त्यांनी ते दोन तळव्यांच्या कडांमध्ये असं काही धरलं की मामी भर पाहुण्यांत ओरडल्या, "अहो, वाळत घालायचंय का तिला?" मामा म्हणाले, "डाग पडू ने म्हणून." मोबाईलवरही त्यांचा राग नाही, नुसती कीव आहे. मी एकदा फोटो काढून दाखवला तर त्यांनी मोबाईल उलटासुलटा करून, अर्थात काठाला धरून, परत दिला. "ह्यालाबी ओळख असती म्हणे, पण ती आकड्यांत असती. आकडे मला दिसत न्हाईत, सूनबाई."

या विद्येचा कोणाला उपयोग झाल्याचा एक प्रसंग मला माहीत आहे. चारठाण्याच्या जुन्या देवळाच्या एका फोटोला कुठल्याशा प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं आणि जिंतूरचे दोन फोटोग्राफर "तो माझा, तो माझा" करत एकमेकांच्या गळपट्टीपर्यंत पोचले. कोणीतरी मामांना बोलावून नेलं. मामांनी निगेटिव्ह उजेडाला धरली, वही उघडली, पाच मिनिटांत मिटली आणि म्हणाले, "तुमी दोघंबी खोटं बोलायलाव. हा कॅमेरा ह्या चहावाल्याचा हाय." चहावाला तिथेच हातात पेले घेऊन उभा होता. त्याने हौसेने काढलेला रोल धुवायला दिला होता तो यांच्यातल्याच एकाकडे, आणि तिथून तो दोघांच्या भागीदारीत हरवला होता. आपल्याला बक्षीस लागलंय हे त्या चहावाल्याला कळायला बराच वेळ लागला. काहीतरी गुन्हा शाबीत झालाय असं समजून तो आधी पळायच्या बेतात होता.

आता माळ्याकडे येते. मामांची दुकानातली शिस्त अशी की कॅमेरा दुरुस्तीला आला की आधी त्यातून चाचणीचा एक फोटो काढायचा, दुरुस्तीनंतर दुसरा काढायचा, आणि दोन्ही निगेटिव्ह एका पाकिटात घालून ठेवायच्या. पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव कधीच नाही. "पाथरी. झडप अडकते." "मानवत. भाता फाटलाय, माणूस चिडका." असली पाकिटं पत्र्याच्या तीन डब्यांत ठासून भरलेली, आणि ते डबे माझ्या माळ्यावर. "कशाला लागतात मामा हे?" असं मी दर दिवाळीला विचारायचे आणि ते दर दिवाळीला "लागत्यात" एवढंच म्हणायचे. यंदा मी विचारणार नव्हते. त्याला कारण होतं, तेही सांगते.

महिन्याच्या सुरुवातीला ताडकळसच्या एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, गावात अंगणवाडी चालवतात. पिशवीतून त्यांनी एक घडीचा कॅमेरा काढला आणि रुमालाच्या गाठीतून एक निगेटिव्ह.

"काका, मला येवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "ह्या कॅमेऱ्यातून हा फोटो निघालाय का न्हाई."

मामांनी निगेटिव्ह घेतली आणि अर्थातच काठ बघायला लागले. फोटोत काय आहे ते मीच पाहिलं. अंगणात खाट, मागे लिंबाचं झाड, खाटेवर पालथं पडून मान वर केलेलं तान्हं बाळ.

"ती मीच हाय," बाई म्हणाल्या. "आईला मी येकलीच. मी पोटात व्हते तवाच वडील हैदराबादला निघून गेले. हा कॅमेरा बी संगं नेला. परत आलेच न्हाईत. तिकडंच वारले, मग त्यांची पेटी आली, त्यात हा निघाला. लोक लय बोलायचे. बापानं पोरीचं तोंड बघितलं न्हाई म्हणायचे. शाळेत बी म्हणायचे. अन् आता आई गेली, तर तिच्या लुगड्याच्या घडीत हे सापडलं."

 हिशेब सरळ होता. कॅमेरा त्यांच्या जन्माआधी बापाबरोबर गेला. हा फोटो त्याच कॅमेऱ्यातून निघाला असेल, तर बाप एकदा तरी परत येऊन पोरीला बघून गेला होता.

मामांनी दोन दिवस मागून घेतले. निगेटिव्हचा काठ वहीत उतरवून घेतला. कॅमेरा उघडून त्याची चौकट सकाळच्या उन्हात बघितली, दुपारच्या उन्हात बघितली. बाई तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "न्हाई ताई. निगेटिव्हला वरच्या काठाला एक दात हाय, ठळक. ह्या कॅमेऱ्याची चौकट साफ गुळगुळीत हाय. हा तो कॅमेरा न्हाई."

"बरं," बाई म्हणाल्या. तेवढंच. निगेटिव्ह पुन्हा रुमालात बांधली. कॅमेरा मात्र उचलला नाही. "हा ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. मला काय करायचाय आता?"

त्या गेल्यावर मी मामांना चांगलंच फैलावर घेतलं. "हो म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? कोण भिंग घेऊन तपासायला येणार होतं?"

"काठ हो म्हणंना, सूनबाई. मी कसं म्हणू?"

"काठाचं राहू द्या. त्या बाईचं तोंड बघितलंत का?"

मामांनी वही मिटली. त्यानंतर दोन आठवडे त्यांनी वही उघडली नाही. ताटात भाकरी उरायला लागली. म्हणून मी ठरवून टाकलं की ते डबे घरातून गेलेले बरे. त्या रविवारी भंगारवाल्याचा गाडा दारात आला तेव्हा मामा न्हाव्याकडे गेले होते. मी तिन्ही डबे गाड्यावर चढवले. चोरून केलं असं नाही, पण ते घरी असते तर केलं नसतं, हे कबूल करते.

बाराच्या सुमाराला मी भाजी परतत होते, तर मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एका हातात तो कॅमेरा, दुसऱ्या हातात भिंग, अर्धा चेहरा गुळगुळीत आणि कानाखाली साबण तसाच.

"सूनबाई, ही चौकट जल्मापासून गुळगुळीत न्हाई. कुणीतरी कानशीनं घासलीय. दात व्हता तिथंच घासलीय. तीन वार, डाव्या हाताचे."

"कोणी घासली?"

"मी," मामा म्हणाले. ते डावरे आहेत.

मग उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. पंचविशीत, दुकान नवीन असताना, त्यांना सफाईचं वेड होतं. दुरुस्तीला येईल त्या कॅमेऱ्याच्या चौकटीचा दात दिसला की कानस घेऊन घासून टाकायचा. गिऱ्हाइकाला सांगायचंही नाही, आपली वरकड सेवा. त्या दातांवरून कॅमेरे ओळखता येतात हे कळलं ते पुढे चार-पाच वर्षांनी, आणि तोवर या माणसाने निम्म्या जिल्ह्याच्या कॅमेऱ्यांची ओळख पुसून ठेवली होती. वही त्यानंतरची. त्याआधीचं काही शिल्लक असेल तर ते फक्त पाकिटांत, दुरुस्तीच्या आधी काढलेल्या चाचणीत.

"न्हाव्याच्या खुर्चीत ध्यानात आलं," मामा म्हणाले. "तो वस्तरा फिरवायला होता गालावरनं. अन् मी त्या बाईला न्हाई म्हणून बसलो. डबे काढा माळ्यावरले."

मी उलथनं खाली ठेवलं, गॅस बंद केला. "मामा, चप्पल घाला," एवढंच म्हणाले आणि स्कूटीची किल्ली घेतली.

डबे कुठे गेलेत ते वाटेत कळल्यावरही ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. मागे बसून त्यांनी माझ्या खांद्याचा फक्त काठ धरला होता.

भंगारच्या दुकानात डबे रिकामे होऊन उन्हात वाळत पडले होते. "डबे लय झकास हाय भाभी, घरच्यांनी मागितले," दुकानदार म्हणाला. "आतली कागदं ना? ती त्या पोत्यांत." पोती सहा, आणि त्यांत निम्म्या परभणीच्या वह्या, लग्नपत्रिका आणि औषधांची खोकी. मी पदर खोचला आणि पहिलं पोतं ओतलं. मामा एका उलट्या बादलीवर बसले. मी पाकीट शोधायचं, त्यांनी आतल्या निगेटिव्ह उजेडाला धरायच्या. दुकानदार थोडा वेळ बघत राहिला.

"क्या ढूंडरे चाचा? सोना है क्या?"

"दात ढूंडरा हूं, बेटा."

दुकानदाराने मामांच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बहुधा आमची दया येऊन तोही दुसऱ्या पोत्याला भिडला. एक पोतं, दोन, तीन. जिंतूर निघालं, सेलू निघालं, मानवतचा चिडका माणूस दोनदा निघाला. चार वाजून गेल्यावर पाचव्या पोत्यात, कुठल्याशा 'नवनीत'च्या वहीत अडकलेलं एक पाकीट माझ्या हाताला लागलं. मामांचं पंचविशीतलं अक्षर, आतासारखंच डावीकडे कललेलं. "ताडकळस. झडप ढिली. घाईत होता."

मामांनी आतल्या दोन निगेटिव्ह काढल्या. एक गुळगुळीत. दुसरीच्या काठाला दात. बरोबर आणलेल्या वहीतल्या चित्राशेजारी धरून त्यांनी तो तीनदा पाहिला. मग पाकिटावरचं अक्षर पुन्हा वाचलं.

"घाईत होता, असं लिवलंय मी," ते म्हणाले. "म्हणजे ह्या माणसाशी मी बोललो असन. माझ्यापुढं उभा असंल. तोंड आठवत न्हाई हो, सूनबाई. काहीच आठवत न्हाई."

मी म्हणाले, "चला, घरी जाऊन बाईंना फोन करू."

"फोन न्हाई. वहीवरनं न्हाई. येकदा चुकलोय. निगेटिव्हला निगेटिव्ह लावून बघितल्याबिगर मी तोंड उघडणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिकवते त्या शाळेत रजेचा अर्ज पाठवला आणि मामांना घेऊन ताडकळसची पहिली बस पकडली. बाई अंगण झाडत होत्या. आम्हाला बघून त्यांनी झाडू खाली ठेवला आणि आतून पाणी आणलं. मामांनी ते घेतलं नाही. रुमालातली निगेटिव्ह मागितली, पाकिटातली बाहेर काढली, खिडकीशी दोन्ही काठाला काठ लावून धरल्या आणि बराच वेळ भिंगातून बघत राहिले. आपण काय ऐकणार आहोत हे त्या बाईला माहीत नव्हतं, आणि या माणसाला घाई म्हणून ठाऊक नाही. मी मनातल्या मनात त्यांना चिमटे काढत होते.

मग मामांनी भिंग बाईंच्या हातात दिलं. "हा दात बघा. अन् हा दात. दोन्ही येकच. कॅमेरा तुमच्या वडलांचाच. मी घासला व्हता तो, म्हणून मला ओळखू आला न्हाई. चूक माझी." एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. "कॅमेरा त्यांचा हाय, येवढं खरं. बटन कुणी दाबलं, ते मला सांगता येणार न्हाई."

बाईंनी ते ऐकलं असं मला वाटत नाही. त्यांनी भिंग बाजूला ठेवलं होतं आणि नुसत्या डोळ्यांनी त्या निगेटिव्हकडे बघत होत्या. चेहरा काळा आणि सावल्या पांढऱ्या असलेल्या त्या बाळाकडे.

"म्हणजे आईला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या.

 हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माणूस आला होता, त्याने फोटो काढला होता, निगेटिव्ह देऊन गेला होता. आणि गाव जे बोलायचं ते पोरीला ऐकू देऊन त्या माउलीने ती पन्नास वर्षं लुगड्याच्या घडीत ठेवली होती. कशासाठी, ते विचारायला आता कोणी उरलं नव्हतं. मामांनी तोंड उघडलं. काठावरून काय सांगता येतं आणि काय येत नाही याबद्दलच असणार. मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं, आणि खाटेवर बाईंच्या शेजारी जाऊन बसले.

थोड्या वेळाने बाई डोळे पुसून उठायला लागल्या. "चहा टाकते."

"तुम्ही बसा," मी म्हणाले आणि आत गेले. साखर सापडली, पत्ती सापडली, दूध जाळीच्या कपाटात होतं. आधण ठेवलं.  बाहेरून बाईंचा आवाज आला, अगदी हळू. "लय लहान हाय ना मी ह्याच्यात?"

"चार-पाच महिन्यांची असशील," मामा म्हणत होते. "हसायलीस बघ. कॅमेऱ्यामागं कोण हाय, त्याच्याकडं बघून हसायलीस."

मी गॅस बारीक केला.